साखर नंतर, फोड आधी! : मुरांब्या-साखरांब्याचे प्रश्न

जांभळी नाक्याच्या मंडईत राजापुरी कैऱ्यांचे ढीग लागले की या सदराच्या टपालाचा वासच बदलतो. या वेळी आलेली बहुतेक पत्रं मुरांब्याची आहेत, आणि त्यातली निम्मी बिघडलेल्या मुरांब्याची. नावाचा घोळ आधीच मिटवू. काही घरांत किसाच्या पदार्थालाही मुरांबा म्हणतात आणि ते चूक नाही. या पानांपुरता मात्र फोडींचा तो मुरांबा, किसाचा तो साखरांबा आणि साखरेऐवजी गूळ घातलेला तो गुळांबा.

माझ्या मुरांब्याच्या फोडी दरवर्षी आक्रसतात आणि रबरासारख्या चामट होतात. पाक मात्र छान असतो. साखर जास्त पडते का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

साखर जास्त नाही, लवकर पडते. कच्च्या फोडीवर साखर घातली की ती फोडीतलं पाणी बाहेर ओढते आणि फोड आत ओढली जाते. त्यानंतर कितीही उकळा, ती मऊ होत नाही. साखरेच्या दाट पाकात फोड मुरते, शिजत नाही. म्हणून शिजवण्याचं काम साखरेआधीच उरकायचं.

१ किलो राजापुरी कैरी घ्या. कोय धरलेली, दाबल्यावर दगडासारखी कडक. पाडाला आलेली नको. साल जाडसर काढा, कारण हिरवी किनार राहिली तर आंबटपणात शिजताना तिचा रंग शेवाळी होतो आणि सगळा मुरांबा मळकट दिसतो. साल-कोय जाऊन साधारण ६५० ते ७०० ग्रॅम गर हाती लागतो. पुढचं सगळं प्रमाण या वजनावर धरायचं, बाजारातून आणलेल्या किलोवर नाही. दीड सेंटिमीटरच्या फोडी करून मोदकपात्रात ६ ते ८ मिनिटं वाफवा. कुकरची शिट्टी नको, तिथे अर्ध्या मिनिटाने लगदा होतो. सुरीचं टोक फोडीत अलगद गेलं पाहिजे, पण फोड चमच्याने उचलली तर तिचे कोपरे शाबूत राहिले पाहिजेत. टोक आत जाताना जरा अडलं तर अजून दोन मिनिटं द्या. हा अडथळा पुढे बरणीत चामटपणा म्हणून भेटतो.

आता जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात फोडी आणि ८०० ग्रॅम साखर एकत्र करून तासभर ठेवा. साखरेला आपोआप पाणी सुटतं, वेगळं पाणी घालायची गरज नाही. मध्यम आचेवर ठेवा, उकळी आल्यावर १० मिनिटांनी गॅस बंद करा आणि पातेलं कापड बांधून रात्रभर तसंच राहू द्या. खरं मुरणं या रात्री होतं: पातळ पाक सावकाश फोडीत शिरतो आणि फोड फुगीर, पारदर्शक होते. एकाच बैठकीत पाक दाट करायची घाई केली तर चांगली वाफवलेली फोडसुद्धा सुरकुतते. दुसऱ्या दिवशी पाक योग्य होईपर्यंत आटवा. चिमूटभर मीठ, ४ लवंगा आणि केशराच्या १५-२० काड्या शेवटच्या पाच मिनिटांत, वेलचीची पूड गॅस बंद केल्यावर. लवंगा भरताना काढून टाका. बरणीत राहिल्या तर महिनाभराने मुरांब्याला फक्त लवंगेचीच चव उरते.

एकतारी पाक म्हणजे नेमका कधी? रात्री बरोबर वाटतो आणि सकाळी कधी दगड झालेला असतो, कधी पाणी.
– एक वाचक, ऐरोली

पाक दोन बोटांत धरून तार बघायची पद्धत वाईट नाही, पण ती गरम पाकावर बघितली जाते आणि तिथेच फसगत होते. उकळता पाक नेहमी पातळच दिसतो. कढईत तो मुरांब्याइतका दाट दिसेपर्यंत थांबलात तर गार झाल्यावर चिक्की मिळणार. शिवाय कैरीत पेक्टिन, म्हणजे पाक घट्ट धरवणारा फळातला घटक, भरपूर असतं. साखर, आंबटपणा आणि पेक्टिन एकत्र आले की गार होताना मिश्रण आपणहून धरतं.

आमची भिस्त वजनकाट्यावर. साधारण ६५ टक्के साखर असलेला मुरांबा टिकतो. त्याहून पातळ असेल तर आंबतो, फार दाट झाला तर साखर परत खडे धरते. म्हणून तयार मुरांब्याचं वजन घातलेल्या साखरेच्या दीडपट यायला हवं. ८०० ग्रॅम साखर घातली असेल तर पातेल्यातला ऐवज १२०० ग्रॅमवर आला की थांबा. रिकाम्या पातेल्याचं वजन आधीच कागदावर लिहून ठेवा, हे विसरलात तर सगळा हिशोब वाया. १३५० ग्रॅम भरलं तर अजून आटवायचं आहे. ११०० वर गेलं तर अर्धी वाटी उकळतं पाणी घालून एक उकळी काढा.

स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर १०४ ते १०५ अंश सेल्सिअस हा टप्पा. ठाणे-नवी मुंबई जवळजवळ समुद्रसपाटीला असल्याने इथे हा आकडा जसाच्या तसा चालतो. महाबळेश्वरला पाणीच चार-साडेचार अंश आधी उकळतं, तिथे हाच आकडा गाठायला गेलात तर मुरांबा जळेल.

दोन्ही साधनं नसतील तर बशी. स्टीलची बशी दहा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा, तिच्यावर पाकाचा थेंब टाका, अर्ध्या मिनिटाने बशी तिरकी करा. थेंबाभोवती पाण्याची कड सुटली तर पाक कच्चा. थेंब सुस्तपणे, अंग सांभाळत सरकला आणि बोटाने मध्ये रेघ ओढल्यावर ती लगेच मिटली नाही, की झाला. ही परीक्षा चालू असताना गॅस बंद ठेवा. बशी बघायच्या नादात कढईत दोन मिनिटं जास्त जातात आणि तीच नडतात.

बरणीत वर पांढरा थर आला आहे. सासूबाई म्हणतात साखर आहे, मला बुरशी वाटते. वरचा थर काढून खाल्लं तर चालेल का?
– एक वाचक, खारघर

दोघींचं समाधान एका वाटीत होईल. थराचा कण वाटीत घेऊन त्यावर चमचाभर गरम पाणी घाला. विरघळून गेला तर साखर. तंतू किंवा कापसासारखं काही तरंगत राहिलं तर बुरशी. साखरेचा थर बोटांत चुरल्यावर खरखरीत लागतो आणि बहुधा बरणीच्या कडांना किंवा तळालाही असतो. बुरशी हवेच्या बाजूला, मऊ आणि ठिपक्याठिपक्यांनी येते.

साखर असेल तर काळजी नाही. मुरांबा पातेल्यात काढा, २-३ चमचे पाणी आणि अर्धा चमचा लिंबाचा रस घालून मंद आचेवर खडे विरघळेपर्यंत गरम करा. कैरीचा आंबटपणा शिजताना साखरेचा काही भाग फोडतो आणि त्यामुळे ती पुन्हा खडे धरत नाही. तोतापुरीसारखी कमी आंबट कैरी वापरली की हे काम अपुरं राहतं. दुसरं कारण पातेल्याच्या कडेला चिकटलेले साखरेचे दाणे. ते शेवटी ढवळताना आत पडले की त्यांच्याभोवती सगळा पाक खडे धरायला लागतो. कडा ओल्या कापडाने मधूनमधून पुसा.

बुरशी असेल तर सगळी बरणी टाका. वरचा थर काढून उपयोग नाही, तिची मुळं डोळ्यांना दिसतात त्यापेक्षा खोल गेलेली असतात. झाकण उघडताना बुडबुडे आणि ताडीसारखा आंबूस वास आला तर तो पाक आंबलाय. तोही ठेवू नका.

बुरशीचं मूळ बहुतेक वेळा भरतानाच्या चुकीत असतं. कोमट मुरांबा भरून झाकण लावलं की वाफेचे थेंब झाकणाला जमून वरच्या थरावर पडतात. तेवढा थर पातळ होतो आणि बुरशीला जागा मिळते. म्हणून दोनपैकी एक करा. एकतर काचेच्या बरण्या उकळत्या पाण्यातून काढून, कोरड्या करून, गरम असतानाच त्यांत उकळता मुरांबा काठोकाठ भरून लगेच झाकण घट्ट लावा. नाहीतर मुरांबा पातेल्यातच कापडाखाली पूर्ण गार करा, अगदी दुसऱ्या दिवसापर्यंत, आणि मग कोरड्या बरणीत भरा. मधली कोमट वाट धरू नका. चिनी मातीच्या बरणीला गार करून भरायचीच पद्धत, उकळता ऐवज ओतलात तर ती तडकेल.

आपल्याकडे जूनपासून हवा ओलसर असते आणि पाक ती ओल शोषून घेतो. रोजच्या वापराची छोटी बाटली वेगळी ठेवा, मोठी बरणी पंधरा दिवसांतून एकदाच उघडा.

गुळांबा खारट लागतो, काळा होतो आणि बुडाला करपतो. माझं काय चुकतं?
– एक वाचक, कोपरखैरणे

खारटपणा तुमचा नाही, गुळाचा. खारवट जमिनीतल्या उसाचा गूळ खारट लागतो, तेव्हा घेताना खडा चाखून घ्या. चिकीचा गूळ लाडू-चिक्कीसाठी ठेवा, गुळांब्याला साधा पिवळसर कोल्हापुरी. ५०० ग्रॅम वाफवलेल्या किसाला ६०० ग्रॅम गूळ. तो आधी पाव वाटी पाण्यात वितळवून बारीक गाळणीतून गाळा. वाळू आणि उसाची चोयटी तळाशी बसते, तीच आधी करपते आणि रंगही तीच काळवंडवते. गूळ साखरेपेक्षा लवकर जळतो, म्हणून पातेल्याखाली तवा ठेवा आणि उलथनं तळापासून फिरवा. गुळात स्वतःचं पाणी असतं, शिवाय तो हवेतली ओलही जास्त ओढतो. तेव्हा पाक साखरांब्यापेक्षा किंचित दाट ठेवा आणि पाच-सहा महिन्यांत संपवा.

मेथी-मोहरीची फोडणी घातलीत तर तो मेथांबा. चवीला आमच्या मते गुळांब्याच्या वरचढ, पण तो आठवडाभरात संपवायचा पदार्थ.

आम्ही घोडबंदर रोडला विसाव्या मजल्यावर राहतो. सोसायटीची गच्ची बंद. बाल्कनीत दुपारी अडीच तास ऊन येतं. त्यावर उन्हातला छुंदा होईल का?
– एक वाचक, ठाणे पश्चिम

नुसत्या त्या उन्हावर नाही. गच्चीत दिवसभराच्या उन्हात छुंद्याला आठ-दहा दिवस लागतात. अडीच तासांत साखर विरघळून पातळ पाक होतो आणि तो तसाच पातळ राहून आंबायला लागतो.

थोडा गॅस, थोडं ऊन असा मार्ग काढा. १ किलो राजापुरीचा जाड किस, २५ ग्रॅम मीठ, चमचाभर हळद. दोन तासांनी सव्वा किलो साखर. साखर विरघळली की मंद आचेवर उकळी येऊ द्या आणि मग १० मिनिटांत उतरवा. त्यानंतर रुंद तोंडाच्या स्टीलच्या डब्यात घालून तोंडाला मलमल बांधा आणि पाच-सहा दिवस ते अडीच तासांचं ऊन द्या. रोज ऊन उतरायच्या आत डबा घरात, संध्याकाळची दमट हवा लागू द्यायची नाही. सकाळी एकदा कोरड्या चमच्याने ढवळा. मलमल दुहेरी बांधा, घोडबंदरला इमारतींची कामं बारा महिने चालू असतात आणि ती धूळ विसाव्या मजल्यावरही येते.

किस काचेसारखा दिसला आणि पाकाची तार आली की दोन चमचे लाल तिखट आणि दीड चमचा भाजलेल्या जिऱ्याची भरड. तिखट आधी घालू नका, उन्हात त्याचा रंग उडतो. हे सगळं मेच्या मध्यापर्यंत उरका. नंतर ढग येऊ लागतात.

अननसाचा मुरांबा कधीच धरत नाही. पाक वेगळा, फोडी वेगळ्या. काही जणांच्या तोंडाला तो झोंबतोही.
– एक वाचक, नेरूळ

अननसात पेक्टिन अगदी थोडं, त्यामुळे तो कैरीसारखा धरणार नाही, हे मान्य करूनच करायला घ्या. वाशीच्या फळबाजारातून देठाशी गोड वास येणारा, पिकलेलाच अननस आणा. डोळे खोलवर काढा आणि मधला कडक दांडा टाका. १ किलो साफ गर अगदी बारीक चिरा, पाऊण भाग फोडी आणि पाव भाग किसलेला असला तर चांगलं. आधी नुसता स्वतःच्या रसात झाकून १५ मिनिटं शिजवा. तोंडाला झोंबणारं अननसातलं विकर (एन्झाइम) या शिजण्यात निकामी होतं. तुमच्याकडे झोंबतो, याचा अर्थ तो साखर घालण्याआधी पुरेसा शिजत नाही. म्हणजे नौपाड्याच्या वाचकांचंच दुखणं, फळ वेगळं. नंतर ६५० ग्रॅम साखर, दोन लिंबांचा रस, दालचिनीचा बोटभर तुकडा. एक आंबट सफरचंद सालीसकट किसून घातलंत तर त्याच्या पेक्टिनने पाक बराच सावरतो. वजनाचा नियम इथेही तोच, साखरेच्या दीडपट.

मधुमेहामुळे साखर निम्मी करायची आहे. चालेल का?
– एक वाचक, कळवा

करता येईल, पण मग तो मुरांबा राहणार नाही. मुरांबा टिकतो तो साखरेच्या जोरावर. साखर निम्मी केली की तो फ्रीजमध्ये ठेवून दहा-बारा दिवसांत संपवायचा पदार्थ झाला, आणि दाटही होणार नाही. एका वेळी पाव किलो कैरीचाच करा. गूळ किंवा मध घातल्याने मधुमेहाचा प्रश्न सुटत नाही, तीही साखरच.

मोरावळ्याचे आवळे काळे पडले आणि बोराएवढे आकसले. चांगले मोठे आवळे आणले होते.
– एक वाचक, सीबीडी बेलापूर

काळेपणासाठी तुमच्या लोखंडी कढईकडे बघा, किंवा टोचायला घेतलेल्या गंजक्या सुईकडे. आवळ्यातला तुरटपणा आणि लोखंड भेटले की शाईसारखा काळा रंग येतो. हा रंग परत उतरवता येत नाही. स्टीलचा काटा आणि स्टीलचंच पातेलं वापरा.

आकसण्याचं कारण दाट पाक एकदम घालणं. १ किलो डागविरहित आवळे सगळीकडून बीपर्यंत टोचा. लिटरभर पाण्यात चमचाभर तुरटीची पूड घालून त्यात रात्रभर ठेवा, सकाळी तीन पाण्यांनी धुवा. तुरटीने तुरटपणा कमी होतो आणि आवळा शिजताना फुटत नाही. मग ८ ते १० मिनिटं वाफवा, पाकळ्यांच्या रेघा जेमतेम उकलू लागेपर्यंत. पहिल्या दिवशी ६०० ग्रॅम साखरेत थर देऊन ठेवा. दुसऱ्या दिवशी आवळे बाजूला काढून सुटलेला पाक ५ मिनिटं उकळा, त्यात ३०० ग्रॅम साखर घाला, कोमट झाल्यावर आवळे परत आत. तिसऱ्या दिवशी उरलेली ३०० ग्रॅम. चौथ्या दिवशी आवळ्यांसकट एकतारीच्या जरा पुढे आटवा. रोज पाक जरासाच दाट होत गेल्याने आवळ्यात जेवढं पाणी कमी होतं तेवढा पाक आत जातो आणि आकार टिकतो. आवळे कायम पाकात बुडालेले हवेत. वर तरंगत असतील तर दिवसातून एकदा बरणी तिरकी फिरवा.

घरी केळवण आहे, चाळीस पानं. साखरांबा किती लागेल आणि कशाबरोबर वाढावा?
– एक वाचक, पाचपाखाडी

पानाच्या डाव्या बाजूला वाढायचा, म्हणजे चवीपुरता. माणशी एक मोठा चमचा, २० ग्रॅम. चाळीस पानांना ८०० ग्रॅम होतात. मुलं आणि दुसऱ्यांदा मागणारे धरून सव्वा किलो ठेवा, म्हणजे साधारण ८५० ग्रॅम साखरेचा घाणा. पंगत केळीच्या पानावर असेल तर साखरांबाच घ्या. फोडींच्या मुरांब्याचा पाक पानावरून वाहत वरणभातात जातो, त्याला वाटी हवी.

जेवणात श्रीखंड किंवा बासुंदी असेल तर साखरांबा नको, गोडावर गोड होतं. तिथे छुंदा किंवा मेथांबा ठेवा. पुरणपोळीच्या बेतालाही तेच. साधी पोळी, घावन, थालीपीठ किंवा पुरी असली की साखरांब्याला न्याय मिळतो. उपासाची पानं असतील तर त्यांच्यासाठी हळद-तिखट नसलेला साखरांबा वेगळ्या भांड्यात काढा आणि मीठ सैंधव वापरा.

फ्रीजमध्ये ठेवला असेल तर वाढण्याआधी अर्धा तास बाहेर काढा. थंड साखरांबा चमच्याला गोळ्यासारखा येतो आणि वेलची-केशराचा वास लागत नाही. प्रत्येक पंगतीला वाढप्याच्या हाती छोटं भांडं द्या. उरलेला साखरांबा मूळ बरणीत परत ओतू नका.